डुकराचे मटण आणि हॅम : पोषणाचा हिशेब कसा मांडावा

मराठवाड्यात नुसते ‘मटण’ म्हटले की ते बोकडाचे, असेच धरले जाते. डुकराचे मटण शिजवणारी घरे आहेत, पण ती थोडी आहेत. बहुसंख्य घरांत ते धर्मामुळे किंवा रूढीमुळे वर्ज्य असते आणि त्या निवडीचा येथे पूर्ण आदर आहे. हा लेख ज्यांच्या चुलीवर ते पूर्वापार शिजत आले आहे त्यांच्यासाठी आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे शिकताना, नोकरी करताना, व्यायामशाळेत प्रथिनांविषयी ऐकताना अथवा हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेताना हॅम, बेकन आणि सॉसेज ही डुकराच्या प्रक्रिया केलेल्या मांसाची नावे ज्यांच्यासमोर प्रथमच आली आहेत, त्यांच्यासाठीही तो आहे.

डुकराच्या मटणात पोषण किती, या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. जनावराच्या कोणत्या भागाचे मांस आहे आणि त्या मांसावर पुढे कोणती प्रक्रिया झाली आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय सांगितलेला कोणताही आकडा दिशाभूल करतो. म्हणून हिशेब याच क्रमाने मांडावा : आधी भाग, मग पाणी, मग मीठ. पुढे दिलेले आकडे सरासरीचे आहेत. जनावराचे वय, जात आणि खाद्य यांनुसार ते थोडे पुढेमागे होतात.

पहिली पायरी : भाग ओळखावा

पाठीच्या कण्यालगतचे, चरबी काढलेले मांस सर्वांत हलके असते. कच्च्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २१ ग्रॅम प्रथिने, ३ ते ६ ग्रॅम चरबी आणि १२० ते १४५ किलोकॅलरी असतात. मांडीचे मांस बाहेरची चरबी काढली तर याच्या जवळपास येते, तर खांद्याच्या मांसात स्नायूंच्या मधोमध चरबी असल्यामुळे ते त्याहून जड ठरते. पोटाचा थराथरांचा भाग मात्र वेगळ्याच कोटीतला आहे : १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम ९ ग्रॅम, चरबी ५० ग्रॅमहून अधिक आणि किलोकॅलरी ५०० च्या वर. एकाच जनावराच्या दोन भागांत ऊर्जेचा चौपट फरक पडतो. त्यामुळे ‘डुकराचे मटण जड असते’ किंवा ‘हलके असते’ ही दोन्ही विधाने भागाचे नाव घेतल्याशिवाय अपुरी राहतात.

चरबीविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. डुकराच्या चरबीत सर्वाधिक वाटा, साधारण ४५ टक्के, ओलेइक आम्लासारख्या एक-असंपृक्त मेदाम्लांचा असतो आणि संपृक्त मेदाम्ले ४० टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे ती तुपाइतकी संपृक्त नाही, परंतु शेंगदाणा तेलापेक्षा बरीच अधिक संपृक्त आहे. रोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीने संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवरून निघतो. पोटाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात तो १९ ग्रॅमच्या घरात जातो, तर पाठीच्या १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅमच्या आसपास राहतो. दुकानात उभे असताना ‘पाठीचे किंवा मांडीचे द्या, वरची चरबी काढून द्या’ एवढे सांगितले तरी पोषणाचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

कलेजीचा विचार स्वतंत्रपणे करावा. डुकराच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत २० मिलिग्रॅमहून अधिक लोह असते आणि सोबत अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर स्त्रियांनी ती टाळलेलीच बरी.

दुसरी पायरी : कच्चे वजन आणि शिजलेले वजन यांत गल्लत करू नये

कच्चे १०० ग्रॅम मांस शिजल्यावर पाणी गमावून ७० ते ७५ ग्रॅम उरते. प्रथिने जवळजवळ तेवढीच राहतात, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममागे प्रथिनांचा आकडा २७-२८ ग्रॅम दिसतो. व्यायाम करणारी मुले बहुतेकदा येथेच चुकतात : वजन कच्च्याचे करतात आणि आकडा शिजलेल्याचा धरतात. कोणताही तक्ता पाहताना तो कच्च्या मांसाचा आहे की शिजलेल्या, हे आधी पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते कच्च्या पदार्थांचे आहेत आणि भारतीय वाचकाने प्रथम तेच पाहावेत, असे मला वाटते.

प्रथिनांच्या बाबतीत डुकराचे मटण, बोकडाचे मटण आणि कोंबडी यांत फारसे अंतर नाही. तिन्हींच्या बिनचरबीच्या मांसात १०० ग्रॅममागे २० ते २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. खरा फरक जीवनसत्त्वांत आणि खनिजांत आहे.

तिसरी पायरी : थायमिन आणि लोह यांचा विचार ताटासह करावा

थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, हे या मांसाचे खरे वैशिष्ट्य आहे. बोकड किंवा कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर डुकराच्या बिनचरबीच्या मांसात ०.७ ते १ मिलिग्रॅम. बैठे काम करणाऱ्या प्रौढाची रोजची गरज सुमारे १.४ मिलिग्रॅम धरली जाते, म्हणजे एका वाढणीत त्यातला मोठा हिस्सा भागतो. पिष्टमय पदार्थांतून ऊर्जा मिळवण्याच्या कामी शरीराला थायमिन लागते आणि पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळावर राहणाऱ्यांत त्याची उणीव पडू शकते. ज्वारीची भाकरी, तूर आणि शेंगदाणे यांवर वाढलेल्या माणसाला ते ताटातूनच बऱ्यापैकी मिळत असते. त्यामुळे केवळ थायमिनसाठी हे मांस खाण्याची गरज मराठवाड्यातल्या पारंपरिक जेवणाला नाही. वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ पांढरा भात आणि मैद्याचे पाव खाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आहे.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि फार काळ उकळल्याने काही प्रमाणात नष्टही होते. उकडलेल्या मांसाचे पाणी फेकून दिले तर त्यासोबत थायमिनही जाते. म्हणून रस्सा करावा आणि तो भाकरीसोबत संपवावा. मांस लवकर शिजावे म्हणून काही जण खाण्याचा सोडा टाकतात, तो मात्र टाळावा, कारण क्षारधर्मी पाण्यात थायमिन टिकत नाही.

लोहाच्या बाबतीत डुकराचे मटण बोकडाच्या मागे आहे. बोकडाच्या १०० ग्रॅममध्ये अडीच-तीन मिलिग्रॅम लोह असते, तर डुकराच्या मांसात एक मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे, म्हणजे मांसातल्या या एका मिलिग्रॅमने थेट असे फारसे काही भागत नाही. तरीही एक उपयोग निश्चित आहे. ज्वारी, बाजरी आणि डाळींमधले लोह त्यांतल्या फायटेट या लोहाला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे नीट शोषले जात नाही. त्याच जेवणात थोडे मांस असले तर धान्यातल्या लोहाचेही शोषण वाढते, आणि वरून लिंबू पिळले तर क जीवनसत्त्वामुळे ते आणखी सुधारते. भाकरी, रस्सा, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड ही आपल्याकडची जुनी जुळणी पोषणाच्या कसोटीवरही पक्की उतरते. जेवण होताच चहा घेण्याची सवय मात्र हा लाभ कमी करते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. याशिवाय या मांसातून जस्त, सेलेनियम, नायसिन, ब-६ आणि काही प्रमाणात ब-१२ ही मिळते.

चौथी पायरी : हॅम म्हणजे काय झालेले मांस, हे समजून घ्यावे

हॅम डुकराच्या मागच्या मांडीपासून करतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि पोषणाच्या दृष्टीने ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

पहिला सुका, मुरवलेला प्रकार. इटलीतले पार्माचे आणि स्पेनमधले सेरानो हे त्याचे नावाजलेले नमुने आहेत. आख्ख्या मांडीला मीठ चोळून ती काही आठवडे थंड ठिकाणी ठेवतात, मग जादाचे मीठ धुऊन कित्येक महिने हवेशीर जागी टांगतात. पार्माच्या हॅममध्ये मांस आणि मीठ यांखेरीज काहीही घालत नाहीत. या काळात मांसातले विकर प्रथिनांचे तुकडे करतात, त्यातून मोकळी अमिनो आम्ले तयार होतात आणि त्यांनीच त्या हॅमला गडद चव येते. मांडीचे वजन जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते, कारण पाणी निघून जाते.

येथे जरा थांबून हिशेब करावा, कारण नवख्याची सर्वांत मोठी फसगत याच ठिकाणी होते. १०० ग्रॅम कच्च्या मांसात २१ ग्रॅम प्रथिने होती. ३० ग्रॅम पाणी गेले आणि ७० ग्रॅम उरले, तरी प्रथिने २१ ग्रॅमच आहेत. तक्ता मात्र पुन्हा १०० ग्रॅममागे मोजतो आणि ३० ग्रॅम प्रथिने दाखवतो. वाचणाऱ्याला वाटते की मुरवल्यामुळे मांस अधिक पौष्टिक झाले. प्रत्यक्षात प्रथिने वाढलेली नाहीत, ती कमी जागेत आली आहेत. खरोखर नवी अशी एकच गोष्ट त्यात आली आहे, ती म्हणजे मीठ. ताज्या मांसाच्या १०० ग्रॅममध्ये ५० ते ६० मिलिग्रॅम सोडियम असते, तर सुक्या हॅममध्ये २,००० मिलिग्रॅमहून अधिक.

दुसरा प्रकार उकडलेल्या हॅमचा, आणि पावाच्या आकाराच्या चौकोनी किंवा गोल चकत्यांच्या पाकिटात बहुतेकदा तोच असतो. त्यात सुईने मिठाचे पाणी मांसात सोडतात, मांस घुसळतात, साच्यात दाबतात आणि शिजवतात. पाणी धरून राहावे म्हणून फॉस्फेट घालतात, चवीला थोडी साखर किंवा डेक्स्ट्रोज. येथे पाणी जात नाही, उलट बाहेरून येते. म्हणून प्रथिने १०० ग्रॅममागे १६ ते २० ग्रॅम, म्हणजे ताज्या मांसापेक्षाही कमी असू शकतात. सोडियम १,००० ते १,२०० मिलिग्रॅमच्या घरात असते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्यासाठी हे फॉस्फेट आणि मीठ या दोन्ही गोष्टी अडचणीच्या आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या पाकिटाला हात लावू नये.

बेकन बहुधा पोटाच्या भागाचे असते, म्हणून त्यात चरबी आणि मीठ दोन्ही एकत्र येतात. कच्च्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० किलोकॅलरी आणि जेमतेम १३ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांसाठी बेकन खावे, हा सल्ला ऐकू नये. सॉसेज आणि सलामी म्हणजे नळीसारख्या वेष्टनात खिमा भरून केलेले प्रकार; त्यांच्यात मांसाचे प्रमाण उत्पादकागणिक बदलते, त्यामुळे त्यांच्याविषयी सरसकट बोलण्यापेक्षा पाकीट वाचणे हाच मार्ग आहे.

पाचवी पायरी : पाकीट वाचावे

सुरुवात घटकांच्या यादीपासून करावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. मांसानंतर लगेच पाणी असेल, आणि त्यापाठोपाठ स्टार्च किंवा सोयाप्रथिन असेल, तर आपण मांसाच्या भावात पाणी घेत आहोत हे समजावे. मांसाची टक्केवारी छापलेली असल्यास ती पाहावी. आयएनएस हे अन्नात मिसळलेल्या द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत : आयएनएस २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, २५१ म्हणजे सोडियम नायट्रेट आणि २५२ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ४५० आणि ४५१ हे फॉस्फेटचे क्रमांक आहेत.

त्यानंतर पोषणाच्या चौकटीत प्रथिने, संपृक्त मेद आणि सोडियम हे तीन आकडे शोधावेत. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात. १,१०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेतीन ग्रॅम मीठ. प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता वाढणीचा हिशेब पाहावा : सुक्या हॅमच्या ३० ग्रॅम चकत्यांतून सुमारे आठ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासोबत दीड ग्रॅमहून अधिक मीठ येते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा. तेवढीच आठ ग्रॅम प्रथिने ताज्या पाठीच्या ४० ग्रॅम मांसातून मिळाली असती, आणि त्यात किती मीठ घालायचे हे घरच्या माणसाच्या हातात राहिले असते. माझ्या मते ताजे मांस आणि हॅम यांतली निवड या एका तुलनेवर ठरवावी.

पाकिटावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक, मांसाहाराचे तपकिरी चिन्ह, उत्पादनाची व वापराची तारीख आणि परदेशी माल असल्यास आयातदाराचे नाव व पत्ता असलाच पाहिजे.

सहावी पायरी : नायट्राइट आणि कर्करोग यांविषयी नेमके काय माहीत आहे

बऱ्याच हॅम-बेकनमध्ये नायट्राइट घालतात आणि त्यामागे सबळ कारण आहे. बॉट्युलिझम हा जीवघेणा विषबाधेचा प्रकार घडवणाऱ्या जिवाणूची वाढ ते रोखते, आणि मांसाचा गुलाबी रंगही त्यानेच टिकतो. पण पोटात, किंवा तव्यावर कडक भाजताना, त्यापासून नायट्रोसअमाइन नावाची संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांतली अनेक कर्करोगकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असे पुरेसे पुरावे असलेल्या गोष्टींत केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता न खाणाऱ्याच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष होता. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. तंबाखूही त्याच गटात आहे, पण म्हणून हॅमची एक चकती आणि तंबाखूची पुडी सारख्याच घातक ठरत नाहीत. ताजे डुकराचे मांस लाल मांसात मोडते आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या खालच्या गटात आहे.

यावरून व्यवहारात उतरवावे ते असे : ताजे मांस शिजलेल्या वजनाने आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे. हॅम आणि बेकन रोजच्या न्याहारीत आणू नयेत, कधीतरी चवीपुरते खावे आणि बेकन काळे पडेपर्यंत भाजू नये. ‘नायट्राइटमुक्त’ असे लिहिलेल्या पाकिटातही मीठ तितकेच असू शकते, हे विसरू नये.

सातवी पायरी : ताट जुळवावे

मराठवाड्याच्या ताटात मीठ अनेक वाटांनी येते : ठेचा, लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, येसराची आमटी. ज्या जेवणात हॅम आहे त्या जेवणातून हे सारे वगळावे आणि त्याऐवजी काकडी, कांदा, मुळा, बिनमिठाचे दही घ्यावे. चार माणसांसाठी अर्धा किलो ताजे मांस शिजवताना अर्धा चमचा मीठ पुरते. ते माणशी पाऊण ग्रॅमच्या आसपास पडते. मांस पाठीचे किंवा मांडीचे असावे, माणशी कच्चे १०० ते १२५ ग्रॅम, सोबत ज्वारीच्या दोन भाकरी आणि एक पालेभाजी. हे मांस आणि हॅम दोन्हींत पचनाला लागणारे आहारातले तंतू (फायबर) अजिबात नसतात, म्हणून भाकरीच्या जागी पाव आला की ताटाचा तोल बिघडतो. रक्तदाबाचा किंवा युरिक आम्लाचा त्रास असणाऱ्याने प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आठवी पायरी : खरेदी आणि शिजवणे

मोकाट फिरणाऱ्या डुकरांचे मांस घेऊ नये. बंदिस्त पाळलेल्या आणि पशुवैद्यकाने तपासलेल्या जनावराचेच घ्यावे. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी दिसल्या तर ते फीतकृमीच्या अळ्यांचे लक्षण असते आणि ते मांस टाकून द्यावे. असे मांस अर्धवट शिजवून खाल्ल्यास आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन झटके येणे हा पुढचा गंभीर आजार मात्र थेट मांसामुळे होत नाही. तो कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या अंड्यांमुळे होतो. ती अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात, त्यामुळे कधीही मांस न खाणाऱ्यालाही तो आजार होतो. म्हणून शौचालय, साबण आणि कोथिंबीर-मुळा नीट धुणे हाही याच पायरीचा भाग आहे.

मांसाच्या आतल्या भागाचे तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत जाऊ द्यावे. प्रेशर कुकरमध्ये ते सहज साधते. गुलाबी ठेवून खाण्याची परदेशी पद्धत तपासणीची खात्री असलेल्या मांसासाठी आहे, ती येथे आणू नये.

शेतात नुकसान करणाऱ्या रानडुकराचे मांस कोणी आणून दिले तर ते स्वीकारू नये. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, आणि त्या मांसाची तपासणी झालेली नसते.

नववी पायरी : आपल्या उन्हात साठवण

घरी हॅम मुरवण्याचा प्रयोग करू नये. आपल्याकडे मांस पातळ कापून, उन्हात कडक वाळवून चान्या करण्याची रीत जुनी आहे आणि ती साधते, कारण पट्टी पातळ असते आणि कोरड्या उन्हात तिच्यातले पाणी झपाट्याने उडते. आख्ख्या मांडीत मीठ हाडापर्यंत पोहोचायला आठवडे लागतात, आणि तोवर मांस फ्रीजइतके थंड राहिले नाही तर ते आतून सडते. नायट्राइटची मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती मोजता येत नाही आणि जादा पडली तर ती जीवावर बेतू शकते.

विकतचे उकडलेले हॅम पाच अंशांखाली ठेवावे आणि पाकीट फोडल्यावर तीन ते पाच दिवसांत संपवावे. शिजवलेले मांस एरवी दोन तासांपर्यंत बाहेर चालते, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही मुदत एकाच तासाची धरावी. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीजचे दार उघडू नये. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर फोडलेले पाकीट टाकून द्यावे, वास चांगला येत असला तरी. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो आणि तो वासावरून ओळखू येत नाही. म्हणून गरोदर स्त्री, वृद्ध किंवा आजारी माणसाला हॅमची चकती द्यायची झाल्यास, पाकीट त्याच दिवशी फोडलेले असले तरी, ती तव्यावर वाफ निघेपर्यंत गरम करूनच द्यावी.